कान तपासले, आवाज राहिला

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या हिवाळ्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात आरोग्य तपासणी शिबिर झालं. डोळे, दात, गुडघे, साखर, बीपी आणि यंदा पहिल्यांदाच कान. मी सौ.ला आग्रहाने कानाच्या रांगेत उभं केलं. दोन वर्षं घरात एकच भांडण चाललं होतं. मी म्हणायचो, "तुला ऐकू येत नाही." ती म्हणायची, "तुम्ही पुटपुटता." तपासणी झाली आणि तिचे कान वयाच्या मानाने ठणठणीत निघाले. रांगेतल्या चार माणसांसमोर तिने माझ्याकडे पाहिलं, बोलली काहीच नाही. माझा आवाज तपासायला मात्र त्या शिबिरात टेबल नव्हतं.

मी मिरजेचा, वय 74. पाटबंधारे खात्यात कारकुनी केली आणि संध्याकाळी पेटी वाजवली. मिरज हे सतार-तंबोऱ्यांचं गाव आणि दवाखान्यांचंही, त्यामुळे शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी घशात दुर्बीण घातली आणि लुकलुकत्या प्रकाशात माझे स्वरतंतू पडद्यावर दाखवले. तंतू म्हटल्यावर आमच्या गल्लीतल्या माणसाला तार आठवते. पण तिथे तार नव्हतीच. दोन मऊ, ओलसर घड्या होत्या. पुरुषाच्या घडीची लांबी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. बोलताना त्या सेकंदाला शंभरावर वेळा एकमेकींवर आपटतात, बाईच्या साधारण दोनशे वेळा.

या घडीला थर असतात. वर पातळ त्वचा, तिच्याखाली जेलीसारखा लिबलिबीत थर, मग रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या इलॅस्टिनच्या तंतूंचा थर, मग चिवट कोलॅजेनचा आणि तळाशी स्नायू. वरचं मऊ आवरण आतल्या गाभ्यावर लाटेसारखं सरकतं, म्हणून आवाजाला गोलाई येते. जपानमधल्या कुरुमे विद्यापीठाच्या मिनोरू हिरानो यांनी 1974 मध्ये ही मांडणी केली. तान्ह्या बाळाला हे थर नसतातच, ते किशोरवयापर्यंत घडत जातात. आणि म्हातारपणी बिघडतात. इलॅस्टिन विरळ होतं, कोलॅजेन दाट आणि राठ होतं, तळचा स्नायू सुकतो. घडीची सरळ कड धनुष्यासारखी बाकते आणि दोन्ही घड्या मिटल्या तरी मधोमध चातीच्या आकाराची फट राहते. पडद्यावर मला माझी फट दिसली. पेटीत पट्टीखालचं चामडं झिजलं की हवा गळते, सूर फुसफुसतो आणि भाता जास्त मारावा लागतो. एका वाक्यात मला दोनदा श्वास का घ्यावा लागतो, हे त्या क्षणी कळलं.

गंमत पुढेच आहे. फोनवर कुरिअरवाला पोरगा मला "मॅडम" म्हणतो आणि सौ.ला "काका". पुरुषाची घडी सुकून हलकी होते, म्हणून आवाज चढतो. बाईच्या घडीचा वरचा थर पाळी गेल्यानंतर सुजल्यासारखा जाड होतो, म्हणून तिचा आवाज उतरतो. आमचं भजनी मंडळ पूर्वी पेटीच्या 'काळी चार' पट्टीत गायचं, आज 'पांढरी तीन'मध्ये गातं. चार पट्ट्या खाली आलो, पण कुणी तसं बोलून दाखवलेलं नाही. मी गुपचूप पट्टी बदलतो आणि सगळ्या जणी "आज आवाज छान लागला" म्हणतात.

यावर आमचा उपाय काय, तर जेष्ठमध आणि खडीसाखर. मीही डबा बाळगून होतो. पण गिळलेलं काहीच या घड्यांवर जात नाही. गिळताना त्या घट्ट मिटतात आणि चुकून थेंब गेलाच तर ठसका लागतो. घसा सुखावतो, तेवढंच. मला बाईंनी व्यायाम दिले: पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घालून "ऊ" म्हणत बुडबुडे काढायचे, खालून वर सूर सरकवत न्यायचा, रोज मोठ्याने वाचायचं. फट भरायला घडीत इंजेक्शनही देतात, मी नको म्हटलं. आधी एका श्वासात "आ" आठ सेकंद टिकायचा, तीन महिन्यांनी बारा टिकतो. सुकलेला स्नायू तरुण झाला नाही, पण दळण सांगताना गिरणीवाला आता "काय?" म्हणत नाही.

म्हणून शिबिरं भरवणाऱ्यांना आपल्या पत्रातून विनंती आहे. 16 एप्रिलला जागतिक आवाज दिन असतो, निमित्त तेच धरा. एक खुर्ची, एक मनगटी घड्याळ आणि "आ" मोजणारा एखादा कॉलेजचा मुलगा, सुरुवातीला एवढं पुरे. कुणाचा श्वास चटकन संपत असेल त्याला पुढे पाठवा. आणि दुसरी बाजूही तिथे मोठ्या अक्षरात लिहून लावा: बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर "वय झालं" म्हणून घरी बसू नये, दुर्बिणीने बघून घ्यावं. विशेषतः तंबाखू-बिडीवाल्यांनी, कारण कर्करोगही पहिल्यांदा असाच खरखरतो. आमच्या भजनातल्या एका तबलजीने सहा महिने हळद-दूध पिण्यात घालवले.

पत्र छापल्यास नाव देऊ नये. सौ. पेपर मोठ्याने वाचते आणि तिचा आवाज अजून शेजारी ऐकू जातो.

आपला,
एक पेटीवाला, मिरज