थंडीत हलवा, उन्हाळ्यात वाकळ

वडगाव, बेळगाव
रथसप्तमीनंतरचा रविवार

प्रिय मैत्रिणी,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि क्रोशाचं तोरण एकाच पार्सलातून आलं. तोरण दारावर चढलंसुद्धा. सासूबाईंनी आधी ते उलटं करून बघितलं, दोऱ्याची टोकं कुठं दडवलीयस ते शोधलं आणि म्हणाल्या, "आईचा हात आलाय की पोरीला." त्यांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.

तू दोन गोष्टी विचारल्यास. तुम्ही जावा-नणंदा मिळून या वर्षापासून चिठ्ठ्या टाकणार, जिची चिठ्ठी येईल तिला हातानं केलेली वस्तू द्यायची. आणि पहिल्याच दिवशी वाद झाला तो किमतीवरून, मर्यादा पाचशेची ठेवायची की हजाराची. दुसरं, आईची लुगडी अजून ट्रंकेत आहेत, उघडवतही नाही आणि टाकवतही नाहीत, त्यांचं काय करू. दोन्हीचं उत्तर मला एकाच ठिकाणी दिसतंय, पण तिथपर्यंत यायला जरा आडवाटेनं जावं लागेल. चहा घेऊन बस.

किमतीची मर्यादा घालूच नका गे. पैसा आला की प्रत्येक जण दुसरीच्या वस्तूची किंमत मनातल्या मनात करते, मग हातानं केलेली असली काय आणि दुकानातली असली काय. आपल्या बेळगावात याचा फार मोठा दाखला आहे. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते, हे आपण शाळेत घोकलं. पण तिथं ठरलं काय, ते फारसं कुणी सांगत नाही. तोवर सभासदाची वर्गणी चार आणे होती. त्या अधिवेशनानं ठरवलं की पैसे नकोत, दरमहा २००० यार्ड सूत द्यायचं, आणि तेही स्वतः कातलेलं. ज्याला जमणार नाही त्यानं दुसऱ्याकडून कातून घेऊन द्यावं. पुढच्या वर्षी ती अट सैल करावी लागली, कारण सगळ्यांना काही ते झेपेना. तरी मला ती कल्पना अजून फार मोठी वाटते. वकील असो की विणकर, दोघांचं देणं एकाच मापानं मोजायचं, हाताच्या कामानं. ज्यांना खादीचे भगीरथ म्हणतात ते गंगाधरराव देशपांडे आपल्या हुदलीचेच. त्या गावात आजही खादी निघते. उशांच्या खोळी मी तिथल्याच कापडाच्या शिवते, आणि धुतल्यावर त्या जास्तच मऊ होतात.

तेव्हा तुमच्या चिठ्ठ्यांत पैसे लिहू नका. दोनच गोष्टी बघा. वस्तू त्या त्या ऋतूतली असावी, आणि जिला द्यायची तिच्या रोजच्या हाताखाली यावी. नुसती कपाटात ठेवायची वस्तू नको. आणि एखादीला खरंच वेळ नसेल, तान्हं मूल असेल, आजारपण असेल, तर तिनं कुणा कारागिराच्या हातचं आणावं: गोकाकची रंगवलेली लाकडी फळं, खानापूरचा माठ, नाहीतर अथणीची चप्पल. कोल्हापुरी म्हणून जी चप्पल आपण घालतो तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून. त्यात आपला बेळगाव आहे. तिच्यावरची चामड्याची वेणी बहुतेक घरातल्या बायकाच घालतात. अशी वस्तू दिली तर तीही हाताचीच झाली.

ऋतूचं मी उगाच म्हणत नाही. आपल्याकडचं प्रत्येक हातकाम हवेवर बेतलेलं आहे, हे मला यंदा हलवा करताना पुन्हा नीट दिसलं. धाकट्या नणंदेच्या बाळाचं पहिलं बोरन्हाण होतं. सासूबाई म्हणाल्या, दागिने विकतचे आणायचे नाहीत. त्यांचे डोळे आता अधू झालेत, पण बोटांना सगळं माहीत आहे. शेगडीत जेमतेम निखारा, वर पितळी परात, परातीत तीळ आणि साबुदाणा. पाक चमच्या-चमच्यानं घालायचा, आणि हात फिरता ठेवायचा. घाई करून जास्त पाक ओतला की दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो. निखारा जास्त झाला की काटा येतच नाही, नुसतं साखरेचं गुळगुळीत आवरण बसतं. हवा कोरडी आणि थंड हवी, म्हणून हे काम सकाळचं. त्या दिवसांत वडगावात सकाळी धुकं असतं, ते हटेपर्यंत थांबायचं आणि मग बसायचं. पावसाळ्यात कुणी हलवा करत नाही, कारण दमट हवेत साखर ओलसर होते आणि आलेला काटा बसतो. नंतर मी आणि माझ्या धाकट्या लेकीनं मिळून रुपेरी कागदावर दाणे ओवले: मुकुट, बासरी, बाजूबंद, कमरपट्टा. काळं झबलं मी माझ्या जुन्या चंद्रकळेतून कापलं. बाळानं बासरी पहिल्यांदा तोंडात घातली आणि अर्धी चोखून संपवली. सासूबाईंना त्याचंच जास्त समाधान.

पलीकडच्या अक्का धारवाडकडच्या. त्यांच्याकडं याला कुसुरेळ्ळू म्हणतात, आणि त्यांचा काटा आमच्यापेक्षा बारीक असतो. संक्रांतीला वाटीनं इकडून तिकडं जातं, तिकडून इकडं येतं, आणि वाटी रिकामी परत करायची नाही हे दोन्ही घरांना न सांगता माहीत आहे. तुमच्या चिठ्ठ्यांची रीत आपल्या गल्लीत पूर्वीपासून आहे बघ, नुसती चिठ्ठी नव्हती.

अक्कांकडून माझी धाकटी कर्नाटकी कशिदा शिकतेय. ते सगळं सांगत बसले तर पत्र पुरायचं नाही, पण थोडं सांगते, कारण तुला आवडेल. कापडावर काही छापायचं नाही की पेन्सिलीनं काढायचं नाही. ताणे-बाणे मोजायचे आणि टाका घालायचा. दोऱ्याला गाठ मारायची नाही. गवंती नावाचा टाका एकदा पुढं जातो, एक घर सोडून एक, आणि परत येताना सोडलेली घरं भरतो, त्यामुळं मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते. मुर्गी नागमोडी जाते, नेय्गी विणल्यासारखी दिसते, मेंथी म्हणजे फुल्या. त्यातून गोपुर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर सगळं उभं राहतं. पूर्वी लग्नातल्या काळ्या साडीवर हे भरत. एक घर चुकलं की रथाचं चाक वाकडं होतं, आणि मग उसवत मागं यावं लागतं. अक्का दसऱ्यानंतर शिकवायला बसतात, त्याआधी नाही. पावसाळ्यात घरात उजेड नसतो, सूत मोजताच येत नाही, आणि ओलसर हातानं दोरा मळतो. कार्तिकातल्या उन्हात कट्ट्यावर बसलं की कापडाचं एकेक सूत वेगळं दिसतं. धाकटीनं पहिलं पूर्ण गोपुर काढलं ते तिच्या थोरल्या भावाच्या रुमालावर. तो हुबळीला कॉलेजात असतो, रुमाल खिशातून काढत नाही म्हणे, पाकिटात घडी करून ठेवलाय. मी त्याला सांगितलं, वापर. वापरून विरला की दुसरा करून देईल ती.

मातीचं तुला आठवतच असेल. पाऊस पडून माती मऊ झाली की आपल्याकडं मातीचे सण लागतात. ज्येष्ठातल्या अमावास्येला मातीचे बैल, आषाढातल्या मंगळवारी गुळ्ळव्वा नावाची मातीची देवी, श्रावणात नाग, मग गणपती, आणि त्याच्यामागून अक्कांच्या माहेरी बुट्टीत बसून दारोदार जाणारा जोकुमार नावाचा मातीचा देव. मुलांना हात घाण करायची पूर्ण मोकळीक असायची ते हेच दिवस. आमच्याकडं मातीचे बैल अजून घरी होतात, शिंगं वाकडी का असेनात. दिवाळीत त्याच मुलांचा किल्ला होतो. आकाशकंदील यंदा विकतचा आणला, वेळच नव्हता.

दसऱ्याचं मात्र सांगायलाच हवं. आपट्याच्या फांद्या गाड्या भरून येतात आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर तुडवल्या जातात, ते मला कधीच सहन झालं नाही. गल्लीतल्या मागावर काठाच्या जरीचे तुकडे उरतात. ते मागवाल्या काकांकडून मागून आणले आणि आपट्याच्या पानाच्या आकाराचे, मधे चीर असलेले तुकडे कापून कडेनं बटणहोल टाका घातला. सोनं म्हणून तेच वाटलं. अक्का बन्नी, म्हणजे शमीची पानं, घेऊन आल्या, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण" (बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या) म्हणाल्या, मी त्यांच्या हातावर जरीचं पान ठेवलं. त्यांनी ते पोथीत खूण म्हणून घातलंय. बघ, रोजच्या वापरात आलं की नाही. तुमच्या गटात दसऱ्याला हेच करा, काहीच खर्च नाही, आणि झाडंही वाचतील.

आता लुगड्यांचं.

ती ट्रंक आत्ता उघडू नकोस. चैत्र लागू दे. आपण त्या लुगड्यांची वाकळ करू, म्हणजे थरावर थर शिवून केलेली गोधडी, आणि ते उन्हाळ्याचंच काम आहे. शेतातली कामं उरकलेली असतात, मुलांना सुट्ट्या, आणि ऊन असं की दोरीवर टाकलेलं लुगडं तासाभरात कडक होतं. आतल्या थरांत जरा ओल राहिली की पहिल्या पावसात वाकळ कुबट वास मारायला लागते, आणि तो वास मग जात नाही. आईची सुती लुगडी वेगळी काढ. रेशमी इरकली असेल ती ठेवून दे, तिचा पदर पुढं एखाद्या लग्नात लागेल. नायलॉनच्या साड्या नको, थर सरकतात आणि घामही शोषत नाहीत. सगळ्यात विरलेलं, मऊ झालेलं लुगडं मधे घालायचं, आणि त्यातल्या त्यात धडधाकट असेल ते बाहेर, खाली आणि वर. काठ कापून टाकू नकोस, त्यांची चौकट होते.

सासूबाईंची पद्धत अशी: थर अंथरून कडेनं वरवंटे ठेवून ताणायचे, आधी मोठे कच्चे टाके, मग धावदोरा कडेकडेनं घालत आत आत यायचं. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी जमातीच्या बायका त्यांची कवंदी, म्हणजे गोधडी, अशीच कडेकडून मधे शिवतात, आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या तिकोनी घड्या लावतात, त्यांना फुला म्हणतात. आईच्या खणाच्या चोळ्या असतील ना? त्यांच्याच घड्या चार कोपऱ्यांना लावू. मधला शेवटचा भाग बंद करायच्या आधी सासूबाई भाकरीचा कोरडा तुकडा आत ठेवतात. वाकळेचं पोट रिकामं असू नये म्हणतात. आपणही ठेवू.

एकटीनं शिवायला बसू नकोस. त्या लुगड्यांना आईचा वास असणार आणि तुझा हात चालणार नाही, मी ओळखते तुला. वाकळ दोघींनी समोरासमोर बसून शिवायची असते, म्हणजे बोलणं चालू राहतं. आईनं कुठलं लुगडं कधी घेतलं, कुणाच्या लग्नाला नेसली, शहापूरच्या कुठल्या दुकानातनं उधारीवर आणलं होतं, हे सगळं शिवता शिवता तू सांगायचंस आणि धाकटीनं ऐकायचं. सासूबाईंना सुईत दोरा ओवून द्यायचं काम तिचंच आहे, त्यामुळं ती हलणार नाही तिथून.

आणि वाकळ झाली की ती ट्रंकेत घालायची नाही. तुझ्या धाकट्या भावाला दे. लुगड्यांवर तुझा हक्क म्हणून त्यानं काही मागितलं नसेल, पण आई त्याचीही होती. तुमच्या चिठ्ठ्यांत त्याचं नाव नसलं तरी तुझी पहिली वस्तू त्यालाच जाऊ दे. जावेच्या नावाची चिठ्ठी आलीय म्हणतेस ना, तिला मे महिन्यात दुसरं काहीतरी सुचेलच, उरलेल्या काठांची पिशवीसुद्धा चालेल.

तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ये. रात्रीच्या बसनं निघालीस तर सकाळी इथं पोचशील, हे स्टँडवर येतील. लुगडी आणण्याआधी एकदा साध्या पाण्यातून काढ, खळ घालू नकोस. दोरा मी इथून घेते, आपल्या मागावरचा जाड सुती, दुकानातला तुटतो. सुया मात्र तू आण, लांब आणि मोठ्या नेढ्याच्या, इथं हल्ली चांगल्या मिळत नाहीत. इथं आल्यावर रताळी मागू नकोस, त्यांचा हंगाम संपलेला असेल, पण काजू आणि करवंदं मिळतील. किती लुगडी आहेत ते मोजून कळव, म्हणजे एक वाकळ होते की दोन ते ठरवता येईल.

सासूबाईंचे तुला आशीर्वाद, मुलांना गोड पापा.

तुझीच,
वडगावची मैत्रीण