आजोबांची सीडी 100 आणि चोर्ल्याचा उतार

केरी, सत्तरी
श्रावणी सोमवार

प्रिय बाय,

परवा फोनवर आजोबांच्या जुन्या हीरो होंडा मोटरसायकलचा आवाज ऐकून तू लगेच विचारलंस, "मग चतुर्थी झाली की मी तीच घेऊन बेळगावला जाऊ ना?" मी विषय बदलला, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. गाडी सुरू झाली आहे, पण मी ती तुला इतक्यात देणार नाही. का, ते नीट लिहून कळवतो.

सुरू करणं त्यामानाने सोपं गेलं. नऊ वर्षं पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेल्या गाडीला एकदम किक मारायची नसते. आत गंज धरला असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर दोन्ही खरवडून निघतात. मी प्लग काढून आत चमचाभर ऑइल सोडलं, दोन दिवस थांबलो आणि मग गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूहळू फिरवलं. पिस्टन मोकळा निघाला. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचं घर होतं, सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घरटं केलं होतं. टाकीतलं पेट्रोल काळ्या चहासारखं झालं होतं. ते आटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक भोकात, डिंक बसला होता, तोही साफ केला. पेट्रोलची नळी आणि आतले रबर सगळे नवे घातले, कारण आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते सोसत नाही, शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या पावसात टाकी भरून महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवायची सोय उरलेली नाही. सातव्या दिवशी, चौथ्या किकला इंजिन बोललं. तुझी आई चुलीपाशी होती, ती धावत बाहेर आली आणि रडली. आजोबा शाळेतून आल्यासारखं वाटलं, म्हणाली.

त्यानंतरचा दीड महिना मी फक्त गाडी थांबवण्यामागे आहे.

मागच्या ब्रेकचा ड्रम उघडला तर एका शूचं लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारा थर, पत्र्यापासून सुटून नुसतं आत पडलेलं होतं. तसंच चालवलं असतं तर ते अडकून चाक जागच्या जागी जाम झालं असतं. पुढचा ब्रेक दाबला की दाबलेलाच राहायचा, कारण शू फाकवणारा आतला कॅम गंजून बसला होता. तो काढून, घासून, अगदी बोटभर ग्रीस लावून बसवला. जास्त लावलं तर ग्रीस शूवर उतरतं आणि ब्रेक लागतच नाही. ड्रममधली धूळ फुंकून उडवू नकोस, कधीच. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि ते छातीत जातं. ओल्या फडक्याने पुसायची. खाणीवरच्या गराजात आम्ही सगळे हवेच्या पाइपने उडवायचो, तेव्हा आम्हांला कुणी सांगितलं नाही. शू जिच्यावर बसतात त्या मागच्या ब्रेकप्लेटला धरून ठेवणारा रॉड आहे, त्याच्या नटाची स्प्लिट पिनच नव्हती. तो रॉड सुटला तर ब्रेक मारताच आख्खी प्लेट चाकाबरोबर फिरते. ही दोन पैशांची पिन तू दर वेळी डोळ्यांनी बघायचीस.

टायर बघून तू म्हणाली होतीस, नक्षी तर शाबूत आहे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आपल्यावर 3809 होतं, म्हणजे 2009 सालचा अडतिसावा आठवडा. रबर लाकडासारखं झालेलं, ओल्या डांबरावर ते धरणार कशाला? टायर, ट्यूब, रिमटेप सगळं बदललं. हँडल हलवताना मध्यावर खटकन अडकत होतं, म्हणून हँडलच्या बेअरिंगचा कोनसेटही नवा घातला. या इंजिनाच्या घराण्यातली स्प्लेंडर पुढे वर्षानुवर्षं खपली, त्यामुळे बरेच सुटे भाग अजून म्हापशाला मिळतात.

आता तुला कधी न सांगितलेली गोष्ट. मी तुझ्या वयाचा होतो, गाडी हीच होती. पुढच्या ब्रेकच्या केबलचे दोन धागे मुठीपाशी तुटलेले मी स्वतः पाहिले होते. म्हटलं, रविवारी बदलू. शनिवारी चोर्ल्याचा घाट उतरताना, धुकं आणि पाऊस, केबल तुटली. घाबरून मी मागचा ब्रेक पूर्ण दाबला, चाक घसरलं आणि मी गटारात. माझा डावा हात आजही पूर्ण सरळ होत नाही, तो त्यामुळे. तुला मी झाडावरून पडलो असं सांगत आलो. आजोबा मला एक शब्द बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी दोन केबली आणल्या, एक गाडीला आणि एक सीटखाली. सीटखालची ती अजून तिथेच होती, मेणकापडात गुंडाळलेली.

म्हणून घाट उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढशील त्याच गिअरमध्ये उतरायचं, वेग इंजिनाने आवरायचा. ड्रमचे ब्रेक सतत दाबून ठेवले तर तापतात आणि धरेनासे होतात.

कागदांचं राहिलंच आहे. गाडी आजोबांच्या नावावर, तेव्हा वारसाच्या नावे करायला फॉर्म 31. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते, ती 2016 पासून थकली आहे. त्यासाठी फॉर्म 25 भरून गाडी आरटीओत दाखवायची, आणि विमा, पीयूसी. तिथे ती टेम्पोत घालून नेणार. तोवर काजूच्या बागायतीतल्या वाटेवर मी रोज चालवून बघतोय.

चतुर्थीला तू कदंबच्या बसनेच ये. हेल्मेट मात्र घेऊन ये, तुझ्या मापाचं. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली की चेनचा ताण आपण दोघांनी मिळून बघू, पाना तू धर.

तुझे,
बाबा