रोज रात्री हिशेबाचा ताळा करायला शिकवणाऱ्या काकांना

काका,

दुकानाची रोजची कामं स्क्रिप्टवर, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, टाकायला तुम्ही मला शिकवलंत, त्याचे आभार फोनवर मानायचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तुम्ही "असू दे गं, स्क्रिप्ट चालतेय ना" म्हणून विषय बदललात, म्हणून आता लिहूनच टाकतेय. आणि उघड लिहितेय, कारण माझ्यासारखी एकट्याने किंवा घरच्या एखाद्या माणसाला हाताशी धरून ऑनलाइन दुकान चालवणारी बरीच मंडळी आहेत आणि तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कामाचं आहे.

आपली ओळख माझ्या चुकीतून झाली. तुम्ही नातवंडांसाठी दोन डायऱ्या मागवल्या होत्या, कव्हरवर नावं छापलेल्या, आणि तुमच्याकडे पोचल्या त्या भलत्याच दोन मुलांच्या नावाच्या. शीटमध्ये कॉपी-पेस्ट करताना एक ओळ खाली सरकली होती आणि त्या दिवशीच्या सगळ्याच नावांचा घोळ झाला होता. मी माफी मागितली, नवीन पाठवते म्हटलं. तुमचं उत्तर अजून जपून ठेवलंय. "पाठवा, घाई नाही. पण मला एक सांगा, ऑर्डर आल्यापासून पार्सल बंद होईपर्यंत हे नाव तुम्ही किती वेळा हाताने उचलून दुसरीकडे टाकता?"

मी मोजलं. पाच वेळा. ऑर्डरच्या पानावरून शीटमध्ये, शीटमधून छपाईच्या फाइलमध्ये, मग कुरिअरच्या फॉर्मवर, मग ग्राहकाच्या मेसेजमध्ये आणि शेवटी हिशेबात. दिवसाला तीस-चाळीस ऑर्डर असायच्या तेव्हा, म्हणजे दीडशे-दोनशे वेळा मी कुणाचं तरी नाव-पत्ता उचलून दुसरीकडे ठेवत होते, रात्रीचा एक वाजायचा, आणि ज्या कामासाठी हा व्यवसाय सुरू केला ते बाइंडिंगचं काम मी स्वतः सहा महिने हातात घेतलं नव्हतं, सगळं भावावर टाकलं होतं. तुमच्या त्या एका प्रश्नानंतर मला पहिल्यांदा कळलं की मी दमतेय ती डायऱ्या बनवून नाही.

मग मी तुम्हाला विचारलं की कुठलं सॉफ्टवेअर घेऊ. तुम्ही म्हणालात, कुठलंच नको, आठवडाभर एक वही जवळ ठेव आणि जे काम करशील ते लिही, किती वेळा केलं आणि किती मिनिटं लागली, एवढंच. खरं सांगते, मला तेव्हा थोडा रागच आला होता, मला उपाय हवा होता आणि तुम्ही अजून एक काम दिलंत. पण त्या वहीने जे दाखवलं ते मला कुणी सांगून पटलं नसतं. मला वाटायचं लेबलं बनवण्यात सगळा वेळ जातो. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वेळ जात होता "माझं पार्सल कुठे आहे" या एका प्रश्नाला उत्तर देण्यात, दर वेळी कुरिअरची साइट उघडा, नंबर शोधा, काय लिहिलंय ते वाचा, मेसेजमध्ये टाका, आणि परत जिथे होतो तिथे या, तोवर आधीचं काम कुठपर्यंत आलं होतं ते विसरलेलं. आणि वहीतली अजून एक नोंद, शीटमधल्या ओळींना रंग देणे, रोज पंचवीस मिनिटं. तुम्ही विचारलंत, हे रंग कोण बघतं? कुणीच बघत नव्हतं. मी त्याचीही स्क्रिप्ट बनवायच्या तयारीत होते आणि तुम्ही म्हणालात, जे काम करायचीच गरज नाही ते मशीनला कशाला शिकवतेस, बंद कर. त्याच दिवशी बंद केलं.

तुम्ही आयुष्यभर बँकेच्या रात्रीच्या बॅच चालवल्यात. शाखा बंद झाल्यावर दिवसभराचे व्यवहार एकामागून एक मशीनमधून जायचे आणि सकाळी शाखा उघडायच्या आत सगळे आकडे जुळलेले लागायचे. माझ्या चाळीस ऑर्डरींकडे तुम्ही त्याच गांभीर्याने बघितलंत, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पहिलं काम आपण ट्रॅकिंगचंच घेतलं. कुरिअरकडून बुकिंगची फाइल आली की ऑर्डर नंबरवरून ग्राहक शोधायचा आणि त्याला ट्रॅकिंगची लिंक आपोआप जायची, त्याने विचारायच्या आत. ऐकायला सोपं आहे, पण पहिल्याच दिवशी सगळ्या लिंक चुकीच्या निघाल्या. कारण तुम्ही शोधून दिलंत. स्प्रेडशीट कुठल्याही आकड्याचे पहिले 15 अंकच नीट धरतं, त्यापुढचे अंक शून्य होतात, आणि ट्रॅकिंग नंबर होता 18 अंकी. तसंच शून्याने सुरू होणाऱ्या कोडमधलं पुढचं शून्य गायब व्हायचं. उपाय एवढाच की फाइल डबल क्लिक करून उघडायची नाही, इम्पोर्ट करायची आणि तो कॉलम आकडा नसून मजकूर आहे असं आधी सांगायचं, शिवाय एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-8 निवडायची म्हणजे देवनागरी नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसत नाहीत. मी हिरमुसले होते तेव्हा तुम्ही सांगितलेलं आठवतं, की एक्सेल काही जनुकांची नावं तारखा समजून बदलून टाकायचं, "मार्च1" लिहिलं की 1 मार्च, आणि शेवटी 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी नावं ठरवण्याचे नियम सुधारून जनुकांचीच नावं बदलली. "त्यांना जमलं नाही तर तू कशाला रडतेस", असं म्हणून तुम्ही पुढच्या ओळीवर गेलात.

दुसरा धडा डबल पार्सलचा. ऑर्डर आली की दुकानाच्या साइटकडून माझ्या स्क्रिप्टला वेबहुक, म्हणजे "नवीन ऑर्डर आली" असा आपोआप निरोप, यायचा आणि शीटमध्ये ओळ पडायची. एका आठवड्यात तिघांना एकाच ऑर्डरच्या दोन-दोन डायऱ्या गेल्या. मी साइटवर चिडले होते. तुम्ही समजावलंत की वेबहुक पाठवणारा उत्तराची वाट बघतो, आपण उत्तर द्यायला उशीर केला तर त्याला वाटतं निरोप पोचलाच नाही, म्हणून तो पुन्हा पाठवतो, आणि त्याचं ते बरोबरच आहे कारण निरोप हरवण्यापेक्षा दोनदा येणं परवडलं. मग तुम्ही मला उपाय सांगितला नाहीत, उलट विचारलंत, एकच चेक बँकेत दोनदा आला तर कॅशियर काय करतो? नंबर बघतो! बस, आता स्क्रिप्ट आधी ऑर्डर नंबर शोधते, सापडला तर काहीच करत नाही. याला आयडेम्पोटंट म्हणतात हे मला नंतर कळलं, तुम्ही फक्त म्हणाला होतात की दोनदा चालवलं तरी एकदाच घडलं पाहिजे. ते वाक्य मी पॅकिंगच्या टेबलासमोर लिहून लावलंय.

दोन आठवडे तुम्ही एकही मेसेज ग्राहकाला जाऊ दिला नाहीत, सगळे माझ्याच नंबरवर. मला ते फार वाटलं होतं. पण तिसऱ्याच दिवशी "नमस्कार अनडिफाइंड" असा मेसेज आला, कारण त्या माणसाने आडनाव भरलंच नव्हतं आणि रिकाम्या जागी प्रोग्रॅम "अनडिफाइंड" लिहितो. हे शंभर लोकांना गेलं असतं तर? मधल्या बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. पासवर्ड आणि एपीआय की (एका प्रोग्रॅमला दुसऱ्या सेवेत शिरायला लागणारी गुप्त किल्ली) कोडमधून काढून वेगळ्या जागी ठेवायला लावल्यात, जुन्या शीटची रोज एक कॉपी ठेवायला लावलीत. आणि ॲप्स स्क्रिप्टला, म्हणजे गूगल शीटसाठी स्क्रिप्ट लिहायच्या सोयीला, एका वेळी 6 मिनिटंच चालता येतं हे माहीत नसल्याने मी एकेक सेल वाचत बसले होते, ते सगळं एकदम वाचायला शिकवलंत, तेव्हा अर्ध्यात तुटणारं काम काही सेकंदांत व्हायला लागलं.

पण सगळ्यात मोठं काम तुम्ही केलंत ते म्हणजे स्क्रिप्टला थांबायला शिकवलंत. मी तोपर्यंत समजत होते की ऑटोमेशन म्हणजे न थांबता चालणं. तुम्ही मला साकिची तोयोदांच्या मागाची गोष्ट सांगितलीत, 1924 चा जी टाइप माग, धागा तुटला की आपोआप थांबणारा, आणि म्हणूनच एका कामगाराला कितीतरी माग सांभाळता यायचे, कारण प्रत्येक मागाकडे टक लावून उभं राहायची गरज नव्हती. तुटल्या धाग्यावर माग चालत राहिला तर नुसतं खराब कापड विणलं जातं. मी त्या रात्री बसून माझे धागे कुठे कुठे तुटतात ते लिहून काढलं. पत्त्यात फोन नंबर नाही. नाव कव्हरवर मावणार नाही इतकं लांब आहे. पैसे आलेत पण रक्कम जुळत नाही. आणि एक तुम्ही घातलेली अट, ग्राहकाने नोटच्या रकान्यात एक अक्षर जरी लिहिलं असेल तर ती ऑर्डर थांबवायची आणि "माणसाने बघा" या यादीत टाकायची, बाकीच्या पुढे जाऊ द्यायच्या. मला ही शेवटची अट जास्तीची वाटली होती, लोक काहीही लिहितात हो, "लवकर पाठवा", "धन्यवाद". मग एक दिवस यादीत एक ऑर्डर आली, नोट होती, "हे नाव माझ्या आईचं आहे, ती आता नाही, अक्षर जरा मोठं ठेवाल का." काका, ती ऑर्डर सरळ छपाईला गेली असती. मी ती डायरी स्वतः शिवली. सहा महिन्यांनी हातात घेतलेली पहिली.

आणि ताळा. एकदा एक एपीआय की मुदत संपून बंद पडली आणि दोन दिवस स्क्रिप्ट चाललीच नाही, आणि चाललीच नाही म्हणून चूक झाल्याचा मेलही आला नाही, मी आपली निवांत. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा जरा कडक बोललात, बिघाड झाल्यावरच ओरडणाऱ्या मशीनवर विश्वास ठेवू नकोस, ती मेली तर ओरडणार कोण? तेव्हापासून रोज रात्री साडेअकराला मेल येतो, सगळं ठीक असलं तरी येतो. आलेल्या ऑर्डर किती, पैसे जमा किती, लेबलं किती, मेसेज किती, थांबलेल्या किती. लेबलं अधिक थांबलेल्या बरोबर आलेल्या, हे जुळलंच पाहिजे. आणि मेल आलाच नाही तर तीच धोक्याची घंटा. सुरुवातीला रोज दोन-तीनचा फरक यायचा, मी ऑर्डर हरवल्या म्हणून घाबरले होते, तर तुम्ही शांतपणे विचारलंत, तुझा दिवस कधी संपतो आणि सर्व्हरचा कधी? सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, चालत होता, त्याचा दिवस आणि माझा दिवस वेगवेगळ्या वेळी संपत होता. घड्याळ एक केलं, फरक शून्य झाला. शाळेत गणिताचा ताळा करून बघायला सांगायचे तेव्हा मी कधी केला नाही, आता झोपायच्या आधी तेच बघते.

एका गोष्टीत आपलं जमलं नव्हतं, तेही लिहिते. तक्रारीच्या मेसेजलाही आपोआप उत्तर जावं असं मला वाटत होतं, निदान "क्षमस्व, आम्ही लवकरच संपर्क करू" एवढं तरी. तुम्ही नाही म्हणालात, मी वाद घातला, दोन दिवस तुम्हाला फोनही केला नाही. मग मीच तुमची पहिली तक्रार काढून पुन्हा वाचली. तिला मशीनने उत्तर दिलं असतं तर तुम्ही तो प्रश्न कुणाला विचारला असता? तक्रारी मी अजून हातानेच लिहिते, आणि आता त्यासाठी वेळ असतो.

तुम्हाला पैसे विचारले तेव्हा तुम्ही म्हणालात, दोन पानं लिही, तू आजारी पडलीस तर दुसऱ्या कुणाला हे चालवता येईल अशी. लिहिली. गेल्या महिन्यात तापाने चार दिवस झोपून होते, भावाने त्या दोन पानांवरून सगळं चालवलं, त्याला कोडचं एक अक्षर कळत नाही, एक ऑर्डर चुकली नाही, आणि मला एकदाही उठवलं नाही. तेव्हाच ठरवलं की हे पत्र लिहायचं. मनापासून आभार, काका. तुम्ही मला स्क्रिप्ट बनवून दिली असतीत तर ती पहिल्या बिघाडाला बंद पडली असती आणि मी पुन्हा रात्री एकपर्यंत नावं चिकटवत बसले असते.

आत्ताच आजचा मेल आला. आलेल्या 37, लेबलं 36, थांबलेली 1. जुळलं. थांबलेली उघडून बघितली तर ती तुमचीच आहे, दोन डायऱ्या, तीच दोन नावं, आणि नोटमध्ये लिहिलंय, "घाई नाही."

उद्या सकाळी शिवायला घेते.

तुमची
डायरीवाली