लेकीला परदेशात सांभाळून घेणाऱ्यांचे मनापासून आभार

आमची लेक मास्टर्सला म्युनिकला गेली तेव्हा इकडे कोथरूडात आम्हा दोघांचा जीव नुसता टांगणीला, कारण तिथे रूम मिळाली की दोन आठवड्यांत सरकारी ऑफिसात पत्ता नोंदवायचा असतो, त्याला घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं आणि हिचा घरमालक फोनच उचलेना. तर नाशिकचा कुणी एक दादा, ओळख ना पाळख, सुट्टी टाकून हिच्यासोबत त्याच्या दारात जाऊन उभा राहिला आणि सही घेऊनच परतला. बाळा, पुण्यात आलास की जेवायला यायचंच हं, फक्त एक ते चार सोडून (पुणेकर आहोत शेवटी!).

आणि खालच्या मजल्यावरच्या आजी! रविवारी तिथे दुकानं बंद, पोरीच्या घरात नुसता तांदूळ, तर यांनी बटाटे, अंडी, घरचा जॅम आणून दिला. रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये टाकल्या की बाटलीमागे २५ सेंटपर्यंत परत मिळतात हे पण त्यांनीच दुकानात नेऊन दाखवलं, आता ही बया एक बाटली फेकत नाही, माझ्यावर गेलीये. रात्री दहानंतर मिक्सर लावायचा नाही हेही प्रेमानेच सांगितलं.

इकडचे अप्पा बळवंत चौकातले झेरॉक्सवाले काका, निघायच्या आदल्या रात्री ओढलेलं शटर परत वर केलंत, थँक्यू.

आजींना फराळ पाठवतेय, चकली कमी तिखटाची वेगळी केलीये.