उलटीची दोन सिरपं सारखी नसतात

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळा सुरू झाला की आमच्या औषधाच्या दुकानात रोज कुणीतरी येऊन म्हणतं, "बाळाला उलट्या-जुलाब होताहेत, उलटीचं सिरप द्या." परवा एक आजी गेल्या वर्षीची उरलेली डॉम्पेरिडोनची बाटलीच घेऊन आल्या. "हेच द्या, नातवाला हेच लागू पडतं." मी त्यांना नातवासह डॉक्टरांकडे पाठवलं, पण मन स्वस्थ बसेना.

डॉम्पेरिडोन आणि ऑन्डान्सेट्रॉन ही उलटीची दोन सिरपं आमच्याकडे एकाच फळीवर असतात. इटलीतल्या डॉक्टरांनी १ ते ६ वर्षांच्या मुलांमध्ये त्यांची तुलना करून २०१६ साली निष्कर्ष छापले. आधी त्यांनी ओआरएस पाजलं. १,३१३ मुलांपैकी ८३२ मुलं तेवढ्यावरच सावरली! ज्यांना ते पचेना अशा ३५६ मुलांना मग एकेक डोस दिला. सलाईन किंवा नाकातून नळी लावायची वेळ ऑन्डान्सेट्रॉन घेतलेल्यांत शेकडा १२ जणांवर आली, डॉम्पेरिडोन घेतलेल्यांत २५ जणांवर आणि औषध नसलेलं नुसतं सिरप घेतलेल्यांत २९ जणांवर. म्हणजे डॉम्पेरिडोनने जवळजवळ काहीच साधलं नाही. ब्रिटनने २०१९ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांच्या उलट्यांसाठी ते देणं थांबवलं. मेटोक्लोप्रमाइड या उलटीच्या आणखी एका औषधाने तर एखाद्या मुलाची मान वाकडी होते, डोळे वर फिरतात. ते पाहून आईबाप हादरतात.

ऑन्डान्सेट्रॉनही आपल्या मनाने पाजायचं औषध नव्हे. डोस वजनावर ठरतो, बहुतेकदा एकच पुरतो, पुढे जुलाब थोडे वाढू शकतात. मुलाला हृदयाचा आजार असेल तर ते आधी सांगायलाच हवं.

आणि ओआरएस! एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवावं. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात नको. उलटी झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करावं. वाटीभर एकदम पाजलं की तेही बाहेर येतं आणि आई म्हणते, "पाणीसुद्धा ठरत नाही." मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास शू झाली नाही किंवा हिरवी उलटी झाली, तर दुकानात येऊ नका, थेट दवाखाना गाठा.

बालरोगतज्ज्ञांना एक कळकळीची विनंती: चिठ्ठीवर मुलाचं वजन, सिरप किती मिली आणि किती वेळा द्यायचं, हे मराठीत लिहा. उरलेली बाटली टाकून द्यायलाही सांगा.

आपली,
एक औषधविक्रेती, सातारा