खाणीचा सातबारा कोणाच्या नावावर?

महोदय,

लिथियमच्या खाणी आणि त्यांचे शेअर यांविषयी आपल्या अर्थविषयक पानावर वरचेवर बातम्या येतात. साठा किती, भाव किती वाढला, हे त्यांत असते. परवाना कोणाच्या नावावर आहे आणि त्यावर दावा कोणी लावलाय, हे मात्र शोधूनही सापडत नाही. म्हणून हे पत्र.

मी तलाठी म्हणून लागलो, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. फेरफाराला हरकत आली की प्रकरण तक्रारी नोंदवहीत, म्हणजे सहा-अ मध्ये जायचे. दोन्ही बाजूंना नोटिसा, सुनावणी, मग निर्णय. नोंद मंजूर झाली तरी ती उलट सिद्ध होईपर्यंतच खरी धरतात. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे सांगता सांगता माझी नोकरी संपली.

माझे शेजारी साखर पेठेत यंत्रमाग चालवायचे. माग विकून आलेल्या पैशांतून त्यांनी एका खाण कंपनीचे शेअर घेतले. कंपनीच्या भागीदारांतच परवान्यावरून वाद आहे. रोज सकाळी चहाला येतात आणि मोबाइल पुढे करतात. परवा नकाशा होता, त्यावर लाल गोल आणि खाली ‘निकाल याच आठवड्यात, होल्ड करा’. त्याआधी कुठल्या तरी मंत्र्याचा फोटो आला होता. मंत्र्याच्या बाजूला कोण उभे आहे, एवढ्यावरून खाण कोणाला मिळणार हे मोबाइलवरच्या शेअरवाल्यांच्या गटातल्या लोकांनी ठरवूनही टाकले. ते मला विचारतात, “भाऊसाहेब, म्हणजे खाण आपलीच ना?” या प्रश्नाने माझ्या पोटात कालवते.

कारण आपली ती नसतेच. साखर कारखान्याचा सभासद झालो म्हणून मळीच्या टाकीवर आपले नाव लागत नाही. खाणीत तर आणखी पायऱ्या असतात. शेअर कंपनीचा, कंपनीचा वाटा भागीदारीतल्या दुसऱ्या कंपनीत, परवाना त्या दुसऱ्या कंपनीकडे, आणि तो देणारे-काढणारे सरकार. मधली एक पायरी निखळली तरी वरचा कागद कोरा.

काँगोतल्या मनोनोचे उदाहरण सगळ्यांसमोर आहे. जुन्या कथिलाच्या खाणीच्या या गावाजवळ लिथियमचा प्रचंड साठा आहे. ऑस्ट्रेलियाच्या बाजारात नोंदलेली एव्हीझेड मिनरल्स तिथे डॅथकॉम नावाच्या भागीदारीतून उतरली. आपला वाटा 75 टक्के, असे तिचे म्हणणे. पण सरकारी भागीदार कोमिनिएरने 2021 मध्ये आपल्यातला 15 टक्के हिस्सा चीनच्या झिजिन या खाण कंपनीला विकला. एव्हीझेड म्हणाली, तो हिस्सा आधी घेण्याचा हक्क आमचा होता. आपल्याकडे सामाईक गटातला हिस्सा भावाने परस्पर विकल्यावर होते तशीच भांडणे! मे 2022 मध्ये 78 सेंटवर शेअरचे व्यवहार थांबले, 2023 मध्ये शोध-परवाना रद्द ठरवला गेला, आणि मे 2024 मध्ये शेअर बाजाराच्या यादीतूनच गेला. दोन वर्षे ना विकता येत होते, ना घेता. प्रकरणे लवादांपुढे गेली. 2025 मध्ये अमेरिकेची कोबोल्ड मेटल्सही या खाणीसाठी पुढे आली. इतक्या वर्षांत जमिनीतला साठा होता तिथेच होता. वाद सगळा कागदाचा, आणि अडकले ते छोटे भागधारक.

आपल्या देशातही घाई कमी नव्हती. फेब्रुवारी 2023 मध्ये जम्मूतल्या रियासीत 59 लाख टन लिथियम साठ्याची घोषणा झाली. तो अनुमानित साठा होता, पुढचे शोधकाम बाकी होते. लिलाव निघाला, पण पुरेसे बोलीदार आले नाहीत आणि मार्च 2024 मध्ये तो रद्द झाला. तेव्हा खाण अमुकच कंपनीला मिळणार, असे मला कितीतरी जणांनी छातीठोकपणे सांगितले होते.

संपादक महोदय, अफवा पसरतात त्या माहिती नसलेल्या जागेत. माहिती मिळत नाही असेही नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमांनुसार बाजारात नोंदलेल्या कंपनीला महत्त्वाचे खटले बाजाराला कळवावे लागतात आणि ते संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात. पण इंग्रजीतली ती पाने साखर पेठेतला माणूस कशी वाचणार? हे काम आपल्या दैनिकाचे आहे. खाणीच्या बातमीखाली चार ओळी छापा: परवाना कोणाच्या नावावर, तो शोधाचा की उत्खननाचा, कंपनीचा खरा वाटा किती, दावा कोणत्या न्यायालयात किंवा लवादापुढे आणि पुढची तारीख कोणती. भावाच्या चौकटीइतकीच जागा लागेल.

आमचे शेजारी सकाळी आपला अंक काखेत घेऊनच येतात. मोबाइल बाजूला ठेवून त्या चार ओळी मला त्यांना वाचून दाखवायच्या आहेत.

– एक निवृत्त मंडळ अधिकारी, जुळे सोलापूर