बायपासनंतर बाबांचा बीपी

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, तुमच्या कानापुढची, डोक्याच्या कातडीला रक्त पुरवणारी धमनी सोडवून ती कवटीच्या आत मेंदूच्या धमनीला जोडली आहे. नळ्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या. तुमच्यासारखी गळ्यातली धमनी पूर्ण बंद असलेल्यांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे १४ टक्के जणांना या बायपासनंतर ३० दिवसांत त्याच बाजूचा स्ट्रोक आला होता. त्यातले बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांतले. तो टप्पा तुम्ही पार केलात, पण महिनाभर सांभाळायलाच हवं.

धोका दोन उलट बाजूंनी आहे. बीपी फार उतरला, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं किंवा जोडणीत गुठळी धरली, तर मेंदूला रक्त कमी पडतं. उलट, इतके दिवस उपाशी राहिलेल्या भागातल्या वाहिन्या सैलावलेल्या असतात. नवा प्रवाह त्यांना आवरत नाही. मग त्या बाजूचं डोकं ठणकतं, बोलणं अडखळतं, फिट येते, क्वचित रक्तस्रावही होतो. म्हणून 'बीपी जितका कमी तितका बरा' हे तुमच्या बाबतीत चुकीचं. सर्जननी दिलेल्या खालच्या आणि वरच्या आकड्यांच्या मध्येच राहायचं. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसून, त्याच हातावर, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. एकच आकडा चढा आला म्हणून जादा गोळी नको.

अ‍ॅस्पिरिन कुणी सांगितलं तरी, अगदी दात काढायचा असला तरी, सर्जनना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. चष्म्याची काडी त्या बाजूला सैल करून घ्या. घट्ट टोपी नको, त्या कुशीवर झोपणं नको. आणि ठोका लागतोय का म्हणून सारखं बोटाने दाबून बघू नका!

आई, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, शब्द सापडेनासे झाले, तर आधी रुग्णवाहिका बोलाव. दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तरीही जायचंच. शेवटचे नीट कधी होते ती वेळ लिहून ठेव. पाणी देऊ नकोस, गिळताना श्वासनलिकेत जाऊ शकतं. जादा अ‍ॅस्पिरिनही नको, कारण गुठळी की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. ऑपरेशनची तारीख न विचारताच सांग. मेंदूच्या ऑपरेशननंतर तीन महिने गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा देत नाहीत, म्हणून नळी घालून गुठळी काढण्याची सोय असलेलं हॉस्पिटल आजच सर्जनना विचारून ठेव.

मला फोन रुग्णवाहिकेत बसल्यावर केलास तरी चालेल.

तुमची लेक